यादीत नसलेला कागद

१

दलित साहित्यात पोलीस आहे, तुरुंग आहे, कोठडीतला मार आहे. ‘उचल्या’ (१९८७) वाचलेल्या माणसाला, जन्मानेच संशयित ठरणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु या साहित्यात एक वस्तू मला फारशी भेटली नाही. ती म्हणजे दोषारोपपत्र. आपल्या माणसाला पोलिसाने मारले हे आपण लिहिले. त्याच्याविरुद्ध काय लिहिले गेले, कोणी लिहिले, त्यातले काय त्याला दाखवले आणि काय लपवले, हे मात्र आपण लिहिले नाही. मार अंगावर दिसतो म्हणून तो साहित्यात आला. कागद वाचावा लागतो म्हणून तो राहून गेला.

मी आठवीत असताना आमच्या घरी असा कागद आला होता. गायरानाच्या भांडणात वडिलांवर आणि भावकीतल्या आणखी पाचजणांवर केस झाली. पहिल्याच तारखेला त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा देण्यात आला आणि ‘नकला मिळाल्या’ या ओळीखाली अंगठा घेण्यात आला. आबा तो गठ्ठा धोतराच्या सोग्यात बांधून घरी घेऊन आले. रात्री चिमणीजवळ माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “वाच की रं, काय लिवलंय आपल्याबद्दल?” मी वाचू लागलो. कार्बनची नक्कल, त्यावर पुन्हा झेरॉक्स. अर्धी अक्षरे पुसलेली. ‘आरोपी नंबर चार’ असा शब्द आला तेव्हा आबांनी विचारले, “नंबर चार म्हंजी मीच का?” आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बापाविषयी कोणीतरी इतके सविस्तर लिहिले होते; आणि तो ते वाचू शकत नव्हता.

गठ्ठ्याच्या सुरुवातीला कागदांची यादी होती. शाळेत शिकल्याप्रमाणे मी पाने मोजली. यादीत अकरा कागद होते, गठ्ठ्यात नऊ. दुसऱ्या तारखेला आबांनी वकिलाला विचारले. “ते काही लागत नाहीत” असे उत्तर मिळाले. सात वर्षे तारखा झाल्या. शेवटी साक्षीदार टिकले नाहीत आणि सगळे सुटले. त्या दोन कागदांत काय होते हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही.

सुटलो, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार त्या सात वर्षांची आहे. त्या दोन कागदांत कदाचित पहिल्याच तारखेला सुटका करणारे काही असेल, कदाचित नसेल. पण ते ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता. ज्याने आरोप ठेवला त्यानेच ठरवले की आरोपीने काय वाचावे. या लेखाचा विषय एवढाच आहे.

२

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट आमच्या चळवळीतल्या बहुतेकांनी पाहिला आहे. त्याला व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. संभाजी भगत यांची शाहिरी या चित्रपटाला लाभली. या सर्वांविषयी आदर बाळगूनच मला या चित्रपटाची चिकित्सा करावयाची आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो. नारायण कांबळे यांचे गाणे ऐकून त्याने आत्महत्या केली, म्हणजे शाहिराने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप येतो. मग तारखा सुरू होतात. एका मित्राने तुरुंगातून लिहिलेले साधे पत्र कटाचा पुरावा बनते. पोलिसांचा साक्षीदार पूर्वीही पोलिसांच्याच केसेसमध्ये साक्षीदार म्हणून उभा राहिलेला असतो. मृताची विधवा साक्षीला येते आणि शांतपणे सांगते की नवरा आत उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण वास सहन होत नसे. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजून उतरायचा. त्याला सुरक्षेचे साधन कोणी दिले नव्हते. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमे एकसुरी वाचत जातात. कोणी खलनायक नाही, कोणी ओरडत नाही. व्यवस्था कंटाळवाणी असूनही किती निर्दय असू शकते, हे मराठी पडद्यावर असे पूर्वी क्वचितच दिसले असेल.

परंतु एक प्रश्न मला सतावतो. न्यायालयाच्या टेबलावर जे आले तेच हा चित्रपट दाखवतो. पत्र आले, ते दिसले. पंच आला, तो दिसला. जे आलेच नाही त्याचे काय? त्या गटाराचे काम कोणाच्या हुकमाने निघाले, कंत्राट कोणाचे होते, साधने खरेदी झाली होती की नव्हती, याची फाईल कोठेतरी असणारच. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मार्च २०१४ चा. म्हणजे चित्रपट आला त्या वर्षी कायदा सांगत होता की या मृत्यूचा जबाबदार वरच्या मजल्यावर बसला आहे. ती फाईल आरोपीच्या हाती आली असती तर ‘आत्महत्या’ हा शब्दच उभा राहिला नसता.

चित्रपटातला बचावाचा वकील हुशार आहे, प्रामाणिक आहे. पण तोसुद्धा समोर ठेवलेल्या कागदांनाच उत्तर देत राहतो. आणि स्वतः नारायण कांबळे? तो शिकवणारा, लिहिणारा, गाणारा माणूस. आयुष्यभर त्याने शब्द हाताळले. कोर्टात मात्र तो जवळजवळ मुका आहे. त्याच्या खटल्याचे कागद तो वाचताना आपल्याला दिसत नाही. शाहीर आरोपी झाला की वाचक म्हणून तो संपतो काय? दिग्दर्शकाला हे मौन प्रतिष्ठेचे वाटले असावे. मला ते अपुरे वाटते. आपल्या माणसाची प्रतिष्ठा मौनात नाही, प्रश्नात आहे.

अर्थात हा दोष एका चित्रपटाचा नाही. कोर्टाचे नाट्य म्हटले की उलटतपासणी आली, भाषण आले, निकाल आला. पण खटल्याचा निकाल पुष्कळदा त्याआधीच लागलेला असतो: कोणता कागद गठ्ठ्यात बांधावा आणि कोणता कपाटात ठेवावा हे ठरते त्या दुपारी. त्या दुपारचे नाटक कोणी लिहिलेले नाही. कारण तेथे प्रेक्षक नसतो, आरोपी नसतो, न्यायाधीशही नसतो.

३

ती दुपार कशी असते, हे पाहण्यासाठी कल्पनेची गरज नाही. महाराष्ट्रातलीच एक हकीगत पुरेशी आहे.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाला. गुन्हा भयंकर होता. त्या कुटुंबाचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने कमी होणार नाही. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. तीन न्यायालये झाली. देशातले सर्वोच्च न्यायपीठ झाले. दोर तयार होता.

आणि मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना निकाल बाजूला ठेवून सहाही जणांना निर्दोष सोडले. का? घटनेनंतर दोनच दिवसांनी, त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहांपैकी नव्हती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. ज्या जबाबाने सहाजणांच्या गळ्यातला दोर निघाला असता तो जबाब सरकारी दप्तरातच होता. तो प्रकाशात येऊन त्याचा अर्थ लागायला सोळा वर्षे लागली. सहापैकी एकजण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर सिद्ध झाले. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला.

पाच लाख भागिले सोळा वर्षे. हा हिशेब वाचकांनी घरी करावा.

१८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांना १९५२ मध्ये कायद्याने मोकळे केले. परंतु तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला म्हणून फौजदाराच्या मनातून पुसला गेला असे नाही. ज्याच्याविषयी आधीच खात्री आहे त्याच्याविरुद्ध पुरावा ‘शोधायचा’ नसतो, ‘जमवायचा’ असतो. आणि जमवणारा माणूस, जे जमत नाही ते बाजूला ठेवतो. त्यात प्रत्येक वेळी दुष्टपणाच असतो असे नाही. पूर्वग्रह पुरेसा असतो.

४

कायदा याबाबत काय म्हणतो? कार्यकर्त्यांनी हे नीट समजून घ्यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८९८ च्या फौजदारी संहितेत पोलिसांपुढचा जबाब आरोपीला सहजी मिळत नसे. साक्षीदार कोर्टात उभा राहिल्यावर त्याची नक्कल मागावी लागे. १९५५ च्या दुरुस्तीने खटल्याआधीच नकला देण्याचे बंधन पोलिसांवर घातले. पुढे १९७३ च्या संहितेत कलम २०७ आले: दोषारोपपत्रासोबतचे जबाब आणि कागद आरोपीला विनाविलंब आणि विनामूल्य मिळाले पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम २३० झाले, आणि आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांची मुदत त्यात घातली गेली. वकील लावलेल्या पीडितालाही आता नकला मिळतात. हे सर्व चांगलेच आहे.

मेख एका शब्दसमूहात आहे. नकला कशाच्या? तर ज्या कागदांवर फिर्यादी पक्ष ‘विसंबून’ आहे त्यांच्या. ज्यावर तो विसंबून नाही, म्हणजे जे त्याच्या सोयीचे नाही, त्याचे काय? केस डायरी तर आरोपीला मागताच येत नाही. आरोप निश्चित होण्याच्या वेळी आरोपीने स्वतःचा कागद पुढे करायचा म्हटले तर तेही चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. पुढे २०१७ मध्ये त्याला अपवाद केला: दडवलेला पुरावा निर्विवाद दर्जाचा असेल तर न्यायालय तो मागवू शकते. पण जो कागद आपण पाहिलाच नाही तो निर्विवाद दर्जाचा आहे हे आपण सांगावयाचे कसे?

हा सगळा युक्तिवाद आपल्याला अनोळखी नाही. शास्त्र ज्याच्या हाती, तो त्यातला सोयीचा श्लोक काढणार आणि आपल्याला म्हणणार, शास्त्रात असेच आहे. आपण म्हणावे, पोथी दाखवा. तर उत्तर मिळावे, तुला वाचण्याचा अधिकार नाही. हजारो वर्षे आपल्यावर चाललेला खटला याच रीतीने चालला. आरोप ऐकवला, पुरावा दाखवला नाही. महाडच्या तळ्याचा दावा आठवा. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्ण मंडळी कोर्टात गेली. पुरातन रूढी आहे असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी तो दावा दहा वर्षे लढवला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की अशी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. तो दिवाणी दावा होता, पण त्यातला धडा फौजदारीलाही लागू आहे: जो म्हणतो त्याने कागद आणावा, आणि तो सर्वांसमक्ष वाचला जावा.

न्यायालये हळूहळू या दिशेने आली आहेत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाचे कर्तव्य केवळ शिक्षा मिळवणे नाही, आरोपीच्या बाजूचा पुरावा उघड करणे हेही आहे, असे म्हटले. २०१२ मध्ये, जप्त होऊन कोर्टात आलेले पण खटल्यात न वापरलेले कागद आरोपीला पाहू दिले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वात महत्त्वाची गोष्ट झाली: न्यायालयाने स्वतःहून नियमांचा मसुदा मंजूर केला आणि सांगितले की तपास अधिकाऱ्याने ज्या जबाबांवर, कागदांवर, वस्तूंवर भिस्त ठेवलेली नाही त्यांचीही यादी आरोपीला द्यावी. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका फाशीच्या खटल्यात याचा पुनरुच्चार झाला. मे २०२५ मध्ये, पैशांच्या गैरव्यवहाराच्या कायद्याखालील आरोपीलाही अशी यादी मिळाली पाहिजे, असा निकाल आला.

या निकालांकडे एक समीक्षक म्हणून पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. २०१० चा खटला हरियाणातल्या एका बड्या राजकारण्याच्या मुलाचा. २०१२ चा, तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांच्या बेहिशेबी मालमत्तेचा. मोबाइलच्या मेमरी कार्डाबाबतचा २०१९ चा महत्त्वाचा निकाल केरळातल्या एका चित्रपट अभिनेत्याचा. कागद पाहण्याचा हक्क या देशात बऱ्याच अंशी श्रीमंत आरोपींच्या वकिलांनी कमावला आहे. त्यांनी तो स्वतःसाठी कमावला हे खरे. पण निकाल हा सार्वजनिक पाणवठा आहे. तो भरला कोणी हे विचारत बसू नये, आपली घागर न्यावी. दुःख हे आहे की देशातल्या कैद्यांपैकी सुमारे पाऊण कैदी कच्चे आहेत, त्यांच्यात अनुसूचित जातींचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे, आणि त्या माणसाला अशी यादी मागता येते हे सांगणारे कोणी भेटत नाही.

५

१९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून घेतले. त्या नात्याने अमेरिकेकडे पाहू. तेथे १९६३ च्या ब्रॅडी खटल्यात असे ठरले की आरोपीला उपयोगी पडणारा पुरावा सरकार पक्षाने दडवणे म्हणजे न्याय्य प्रक्रियेचा भंग. ब्रॅडीच्या साथीदाराने, प्रत्यक्ष खून आपण केला, असा जबाब दिला होता आणि तोच वकिलापासून लपवला होता.

नियम झाला म्हणून लपवणे थांबले काय? अलाबामात वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला १९८८ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरवले. ज्युरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने फाशी दिली. ज्या साक्षीदाराच्या शब्दावर हे झाले त्याने आधी पोलिसांपुढे, आपल्याला खोटे बोलायला लावले जात आहे, अशी तक्रार केली होती आणि ती ध्वनिफितीवर होती. फीत बचाव पक्षाला दिली नव्हती. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांनी ती शोधली आणि १९९३ मध्ये तो माणूस सुटला. स्टीव्हन्सन यांचे ‘जस्ट मर्सी’ (२०१४) हे पुस्तक मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. त्यात वकील नायक आहे असे वरवर वाटते. खरा नायक ती फीत आहे. ‘कोर्ट’मध्ये मला जे कमी वाटले ते येथे सापडते: जे समोर नाही त्याचा शोध.

अमेरिकन नियमातला दोषही पाहावा. कोणता पुरावा महत्त्वाचा हे तेथेही पहिल्यांदा सरकारी वकीलच ठरवतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अधिक मूलगामी भूमिका घेतली: तपासातून जे हाती लागते ती सरकार पक्षाची शिक्षा मिळवण्यासाठीची मालमत्ता नव्हे, न्यायासाठी वापरावयाची ती जनतेची मालमत्ता आहे. मला हा विचार आपल्या जवळचा वाटतो. तळे जनतेचे, तसा कागद जनतेचा.

आता कागदही कागद राहिलेला नाही. ३१ डिसेंबर २०१७ ची पुण्याची एल्गार परिषद आणि १ जानेवारी २०१८ चा भीमा कोरेगावचा हिंसाचार यांतून उभ्या राहिलेल्या खटल्यात मुख्य पुरावा संगणकांच्या पोटात होता. आरोपींना त्यांच्याच यंत्रांच्या तंतोतंत प्रती मागाव्या लागल्या. न्यायालयाच्या आदेशाने मिळालेली एक प्रत अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेने तपासली. संगणकात बाहेरून घुसून पत्रे ठेवली गेली, असे तिने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात म्हटले. तपास यंत्रणेने ते अमान्य केले. कोण खरे, हे साक्षीपुराव्यानेच ठरावे. पण जून २०१८ मध्ये पकडलेल्यांपैकी दोघांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला तो खटला सुरूच झाला नाही म्हणून. आणि फादर स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ रोजी कच्चे कैदी म्हणूनच वारले. या खटल्याकडे जगाचे लक्ष होते, परदेशातला तज्ज्ञ मिळाला. उद्या पारध्याच्या पोराचा मोबाइल जप्त झाला तर त्याची प्रत कोण मागणार, आणि ती तपासणार कोण?

६

येथे एक प्रामाणिक अडचण मांडली पाहिजे. ती टाळून पुढे गेलो तर हा लेख एकांगी होईल.

न्यायालयात आपण नेहमीच आरोपी नसतो. पुष्कळदा फिर्यादी असतो. अत्याचाराच्या केसमध्ये आरोपी गावचा पाटील असतो आणि साक्षीदार त्याच्याच शेतावर मजुरी करणारा आमचा माणूस. त्याच्या जबाबाची नक्कल आरोपीच्या हातात पडली की त्याच संध्याकाळी दारात कोण उभे राहील हे सांगायला नको. मग आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, आरोपीला एवढे कागद कशाला? बलात्काराच्या खटल्यात चित्रफीत पुरावा असेल तर तिची नक्कल आरोपीला देणे म्हणजे त्या बाईची दुसऱ्यांदा विटंबना.

ही भीती खरी आहे. पण तिचे उत्तर अंधार हे नाही. २०१९ च्या केरळच्या निकालात न्यायालयाने मार्ग काढला: अशा चित्रफितीची प्रत द्यायची नाही, पण आरोपी, त्याचा वकील आणि तज्ज्ञ यांना ती पाहता येईल. जबाबातला एखादा भाग उघड करणे अनुचित असेल तर तो वगळण्याची विनंती पोलीस करू शकतात, निर्णय न्यायदंडाधिकाऱ्याचा. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क सांगणारे स्वतंत्र प्रकरण आहे; फिर्यादीला तपासाची आणि दोषारोपपत्राची माहिती मिळाली पाहिजे असे त्यात आहे. म्हणजे माणूस झाका, कागद उघडा, हे दोन्ही एका वेळी शक्य आहे.

शिवाय हेही लक्षात घ्या. खैरलांजीत (२००६) एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली, तरी निकालात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला नाही. तपासात काय नोंदवले आणि काय गाळले, हा प्रश्न तेथे आपल्या बाजूने उभा होता. कपाट एकच आहे. आज त्यात पारध्याला सोडवणारा जबाब लपतो, उद्या त्याच कपाटात पाटलाला अडकवणारा पंचनामा लपतो. ते कपाट बंद ठेवा अशी मागणी ज्याला परवडेल तो मी नव्हे.

७

काही मित्र म्हणतील, हे वकिलांचे काम. साहित्याच्या त्रैमासिकात याचे काय? माझे उत्तर असे. आपले साहित्य वाचण्या-लिहिण्याच्या बंदीविरुद्धच्या बंडातून जन्मले. ज्या कागदावर आपल्या माणसाचे आयुष्य अवलंबून आहे तो वाचता येणे हा त्या बंडाचाच भाग आहे. आत्मकथनाने आपण आपला जबाब नोंदवला. आता आपल्याविषयी इतरांनी नोंदवलेले जबाब वाचावयाचे आहेत, त्यांची भाषा उकलावयाची आहे. ‘सदर इसम’, ‘गैरकायदा मंडळी’, ‘बातमीदारामार्फत खात्रीलायक माहिती’ या शब्दांमागे कोण बोलतो, हे समीक्षेने विचारले नाही तर कोणी विचारायचे?

आणि लेखनापलीकडे एक साधे काम आहे. प्रत्येक तालुक्यात आमचा एक तरी शिक्षक, एक तरी कॉलेजातली पोरगी असते. केस झालेल्या माणसासोबत तिने पहिल्या तारखेला जावे. नकला मिळाल्याच्या ओळीखाली अंगठा उठण्याआधी पाने मोजावीत. न वाचता येणारे पान परत करून स्वच्छ प्रत मागावी. ज्यावर भिस्त ठेवलेली नाही त्या कागदांची यादी द्या, असा अर्ज वकिलाकडून करवून घ्यावा. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेविषयक सहाय्य मागावे. अर्ज नामंजूर झाला तर होऊ द्या. नामंजुरीही लेखी असते, आणि लेखी गोष्ट वर नेता येते.

आबा आता नाहीत. तो गठ्ठा माझ्याकडे आहे. यादीवर अकरा आकडे आहेत आणि खाली त्यांचा अंगठा आहे: नकला मिळाल्या. मिळाल्या नव्हत्या. माझ्या बापाकडून घेतली गेलेली ती एक खोटी साक्ष होती, आणि ती त्याला न वाचता द्यावी लागली. यापुढे आपल्यापैकी कोणाचा अंगठा पाने मोजल्याशिवाय उठू नये.